वीस सीसी

गाडी घेतली इचलकरंजीच्या एका सूतवाल्याकडून.
दोन हजार दोनची व्हीटेक सिटी,
डिकीत अजून सुताच्या कोनांचे पुठ्ठे,
मागच्या काचेवर त्याच्या मुलीनं चिकटवलेलं
अर्धं सोललेलं फुलपाखरू.
"पळते," तो म्हणाला, "पण तेल पिते."
म्हटलं, पिऊ दे.

उद्यमनगरात, दस्तगीर शिकलगारांच्या शेडमध्ये
ब्लॉक उघडा पडला बाकावर.
चाचांनी चष्मा काढला, बोट आत घातलं
आणि तीन नंबरपाशी थांबले.
"हितं ओठ आलाय."
मला दिसेना. मग माझंच बोट धरून नेलं आत,
वरच्या रिंगेच्या जागेपर्यंत:
वीस वर्षं वरखाली करून दट्ट्यानं सोडलेली
नखाला अडेल एवढी पायरी.

मला दोन एमएम हवे होते.
हिशोब वहीत मांडून नेला होता,
पंचाहत्तरचा बोअर सत्त्याहत्तर,
चौदाशे त्र्याण्णवचे पंधराशे चौऱ्याहत्तर.
चाचांनी वही बघितली, मिटली, वर पाना ठेवला.
"पन्नास साइज."
म्हणजे अर्धा एमएम.
"त्याच्या पल्याड पाणी हाय रं.
भिंत काढ म्हणशील तर काढतो,
काढलेलं बिड परत लावायचं मशीन
माझ्याकडं न्हाई."

रात्री घरी गणित केलं.
एका सिलिंडरमागे पाच सीसी.
खोकल्याच्या बाटलीचं झाकण
खालच्या रेघेपर्यंत पाण्यानं भरलं
आणि बघत बसलो.
एवढ्यासाठी दोन महिन्यांचा पगार,
शिरोलीत भट्टीपुढं उभं राहून मिळवलेला,
जिथं दिवसभर आम्ही
वाळूच्या गाभ्याभोवती लाल लोखंड ओततो,
थंड झालं की गाभा ठोकून पाडतो
आणि मधली रिकामी जागा
ट्रकात भरून पुण्याला पाठवतो.

होनिंग झालं. आत तिरप्या रेघा,
गोणपाटाच्या विणीसारख्या.
"तेल ह्यात बसतं," चाचा म्हणाले,
"लई गुळगुळीत भिंतीला कायबी चिकटत न्हाई.
आणि ऐक, हजार किलोमीटर
साठाच्या वर न्यायची न्हाई."

मग ऐन गळीत हंगामात
उसाच्या ट्रॉलीमागून चाळीसनं
रांगत निघाली माझी शर्यतीची गाडी.
हजार किलोमीटर आणायचे कुठून?
मावशीला गडहिंग्लजला सोडली, राहिलेली पिशवी द्यायला परत गेलो.
मुरगूडहून पेंडेची दोन पोती आणली.
शेजारच्या मगदूमांच्या सुनेला रात्री दीड वाजता
सीपीआरला नेत होतो, खड्डे चुकवत,
ती कण्हत म्हणाली, "जरा जोरात घ्या की भावजी!"
घेतली.
ब्याऐंशी.
देवानं आणि दस्तगीरचाचांनी माफ करावं.
मुलगी झाली. रिंगाही बसल्या.

हजारावा किलोमीटर भरला वाघबीळच्या अलीकडं.
चाचा शेजारी. मशीनच्या आवाजानं
त्यांचा डावा कान कधीच गेलाय,
उजवा लागेल तेवढाच चालतो.
त्यांनी तळवा डॅशबोर्डवर ठेवला.
"दाब."
दाबली.
खरं सांगू? वीस सीसीचा फरक
मला तरी वेगळा काढून दाखवता येणार नाही.
चढावर दुसऱ्या गिअरात सुई पाच हजार ओलांडून गेली,
आवाज बदलला, खिडकीतून उसाचा वास आला
आणि चाचा कुणाच्या तरी कपाळावर हात ठेवून
ताप बघावा तसे बसून राहिले.
"तीन नंबर बरा हाय," म्हणाले.
परतीच्या वाटेवर झोपले.

काढलेला कीस त्यांनी
पेपरच्या पुडीत बांधून दिला होता.
"तुझंच हाय. ने."
खिशात महिनाभर वागवला, पँटला डाग पडले.
शेवटी वडिलांनी तो लिंबाच्या बुडात घातला,
वर घागरभर पाणी.
पानं जरा गर्द झालीत, असं ते म्हणतात.
फळ अजून नाही.