मिठाला जागणं

रात्री साडेनऊला माझी पाळी सुरू होते.
सूर्य कधीच पनिहारच्या टेकड्यांमागे गेलेला,
आरसे पालथे, झोपलेले,
आणि टाकीतलं मीठ जागं.

हे मीठ वरणात घालायचं नाही.
हा सोरा. दिवसभराच्या उन्हाने वितळलेला,
पाण्यासारखा पातळ, पाचशेसाठ अंशांवर,
पोलादी भिंतीआड गप्प उभा.
त्याच्या धगीवर पाणी उकळतं, वाफ चाकं फिरवते,
आणि लष्करात कुणाच्या तरी माडीवर
दहावीचं पुस्तक उघडं राहतं.

आम्ही जिंसी नाल्याचे पायगुडे.
खापरपणजोबा तोफखान्यात दारू कालवायचे:
सोरा, गंधक, कोळसा.
किती तोळ्यांना गोळा किती हात जाईल,
तोंडपाठ होतं म्हणतात.
त्या तिघांतला कोळसा अप्पांच्या वाट्याला आला.
गंधक कुणाकडे गेलं, माहीत नाही;
आई म्हणते, धाकट्या काकूंच्या जिभेवर.

अप्पा बिर्लानगरला, गिरणीच्या बॉयलरवर.
आई त्यांचा सदरा वेगळ्या बादलीत भिजवायची,
ते पाणी तुळशीला घालू द्यायची नाही.
गिरणी बंद झाली तेव्हा धुराडं थांबलं.
खोकला थांबला नाही.

मागच्या रविवारी त्यांना इथे आणलं.
मनोऱ्याकडे बघताना कपाळावर हात.
मग खिशातला रुमाल काढून कठडा पुसला.
रुमाल पांढराच.
उलटा करून पुन्हा पुसला.
“राख कुठे टाकता?”
राख नसते, अप्पा.
“आणि वाघिणी? कोळशाच्या?”
त्याही नाहीत.
“म्हणजे फुकट?”

ऊन फुकट. आरसे नाहीत.
आमचे हिशेबनीस खरे सांगतात,
सूर्य बिल पाठवत नाही, बँक दर तिमाहीला पाठवते,
अजून अकरा वर्षं.
त्यानंतर मात्र...
खरे बोट वर करतात आणि थांबतात.
एवढा आनंद हिशेबनिसाला शोभत नाही.

पहाटे फूलवती कुशवाह आणि तिच्या बाया येतात.
या खडकाळ माळावरून शेळीसुद्धा
पोट भरून परतली नव्हती कधी,
आता अठ्ठावीस चुली यावर पेटतात.
आरसे हजारो, पाणी मोजून, दर आरशाला एक लोटा.
फूलवती पहिल्या आरशात टिकली सारखी करते,
मग स्वतःलाच पुसून पुढे जाते.

मे महिन्यात ग्वाल्हेर सत्तेचाळीसवर जातं.
लूला सगळे शिव्या देतात. मीही द्यायचे.
हल्ली दुपारी दारात उभी राहून
नोटा मोजाव्यात तसं ऊन मोजते.

निघताना अप्पा टाकीपाशी थबकले.
आत एवढी आग, आणि बाहेर झळही नाही,
याचं नवल करत राहिले.
म्हणाले, “चौतीस वर्षं गिरणीने आमचं मीठ खाल्लं.
एक रात्र जागली नाही.”

मी काही बोलले नाही. बस धरायची होती.

आता पावणेतीन. काटा पाचशे अठ्ठावन्नवर.
वहीत लिहिते: मीठ ठीक, वाफ ठीक.
घरी अप्पा जागेच असतील,
उशीला टेकून बसलेले,
डोक्यावरचा पंखा मंद फिरत असलेला.