वजनकाट्याच्या पावतीमागे

कागद मागितला तर झाडे मुनीमजींनी
वजनकाट्याची रद्द पावती दिली.
पुढल्या अंगाला: बंडी एक, ओला माल, परत.
मागल्या अंगाला मी पाच रेघा ओढल्या.
पाच स्लॉट.

सर्व्हर अजून खोक्यातच होता, वर्ध्याहून आलेला.
मला आधी कागदावर उघडायची सवय.
एकदा रेचे सुरू झाले की
पेटीचं झाकण कुणी काढू देत नाही,
आणि हंगाम आठ दिवसांवर.

पहिली जागा डिस्कच्या कार्डाला.
साऱ्या गठाणींचा हिशेब त्याच्या माथ्यावर,
म्हणून तेच सगळ्यांत तापट.
त्याच्या शेजारी मी कुणाला बसवत नाही.
दुसरी म्हणून रिकामी. वाऱ्याची.
तिसरीत नेटवर्क,
एक तोंड मालकाच्या अकोल्याच्या पेढीकडे
एक इथल्या तीन टेबलांकडे.
चौथीत बॅकअप.
पाचवीत काट्याचं कार्ड, चार जाड पोर्टांचं,
जगानं केव्हाच टाकलेलं,
पण आमचा काटा दुसरी भाषा बोलत नाही.

बसलं सगळं.
पावतीभोवती मी चौकटसुद्धा काढली,
लग्नपत्रिकेला असते तशी.

मग खोकं फोडलं, झाकण काढलं,
आणि दुसऱ्या प्रोसेसरच्या जागी
काळं प्लास्टिकचं टोपण.

कोटेशन माझंच होतं.
एकच घ्या, पुढच्या वर्षी दुसरा बघू,
हे मीच म्हटलं होतं मालकाला,
चहा पिता पिता.

शेषराव उईके दारात उभे, फिटर,
भुवयांत रुई.
‘काऊन थांबल्या ताई?’
चार आणि पाच चालणार नाहीत, मी म्हटलं.
‘तुटले?’
नाही. शाबूत आहेत, कोरे आहेत.
त्यांची लाईन दुसऱ्या प्रोसेसरवरून येते
आणि तो बसवलेलाच नाही.

उईके वाकले. बोट न लावता
त्या दोन खाचा पाहत राहिले बराच वेळ.
‘मंग असं म्हना नं, डीपी नाई.
आमच्या टोल्यावर असंच हाय.
पोल गाडून तीन पावसाळे झाले,
तारा हायेत, चिमण्या बसतेत,
डीपीच नाई बसोली.’

गाऱ्हाणं नव्हतं ते.
एका फिटरनं दुसऱ्याला सांगावं
तसं निदान होतं.

मी चौकट खोडली.
आता जित्या जागा तीन, बसणारे चार.
बॅकअप बाहेर काढला: रोज सांजेला
मुनीमजींनी सुट्या डिस्कवर घ्यायचा
आणि कपाटाला कुलूप.
(मुनीमजींनी मान हलवली. विसरतील.)
नेटवर्क तिथंच.
राहिलं काट्याचं कार्ड आणि वाऱ्याची जागा.
उईक्यांनी वीत लावून मापलं:
‘दोन रेच्यांच्या मधात आमी
मानूस वाकंन एवढी जागा सोडतो.
तुमचं कार्ड तं आखूडच हाय.’

खरंच. आखूड, थंड डोक्याचं,
तापटाच्या शेजारात खपेल असं तेवढंच एक.
अर्ध्या जागेत ते, अर्ध्यात वारा.

शेवटी चार-पाचच्या तोंडांना
कोऱ्या पट्ट्या लावल्या, स्क्रू आवळले.
‘चालतच नाई तं झाकता काहाले?’
वारा तिथून पळतो, मी म्हटलं,
मग पहिल्यापर्यंत पोचत नाही.
उईके काही बोलले नाहीत.
खाली पडलेला एक स्क्रू उचलून
माझ्या तळहातावर ठेवला.

पावतीवर मी लिहिलं:
चार, पाच — डीपी आल्यावर.
मुनीमजींनी चष्मा वर करून वाचलं,
त्यांना ते कळलं नाही, मला विचारलंही नाही.
भोक पाडून फाइलला लावली.
माझ्या पाच रेघा आत,
ओला माल, परत, वर.