चौथा तास

या. सह्या मिळतील सगळ्यांना.
वह्या त्या कट्ट्यावर ठेवा, वर वीट ठेवा,
आणि पँट मोज्यात खोचा.
कन्नमवार नगरात ऑक्टोबर महिन्यात
इमारतीच्या मागे माणूस जात नाही, मुंगूस जातं.

मी उद्यान खात्यात चौतीस वर्षं काढली.
साहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ
कंगव्याने भांग पाडावा तशी कापली.
तिच्यावर कधी कुणी बसलेलं पाहिलं नाही.
म्हणून आता हे मागचं.
इथे पगार नाही. डास आहेत.

हे पांढऱ्या फुलांचं गाजरगवत,
उघड्या हाताने धराल तर दिवाळीपर्यंत खाजवाल.
हा टाकळा. श्रावणात भाजी झाली असती, आता जून झालाय.
घाणेरी खालून धरा. वरून ओढलीत
तर तुमच्या हातात पाला
आणि पुढच्या वर्षी ती दुप्पट.
हर्षाली, कुदळ मागितलीस ना? घे.
दांडा सैल आहे, आधी बादलीत भिजव,
लाकूड फुगलं की धरून राहील.

गेल्या रविवारी बहात्तर नंबरच्या मागे होतो.
पहिल्या तासात निघाले
सात बॉल, त्यातला एक अजून टप्पा घेणारा,
कुणाच्या बारशाच्या थर्माकोलच्या ताटल्या,
आणि चौथ्या मजल्याने फेकलेलं ते सगळं
जे चौथ्या मजल्याला आठवत नाही.
मेल्विन वर बघून शिवी हासडणार होता.
म्हटलं, थांब, खिडकीत पोरगं उभं आहे.
त्याला फक्त रिकामं घमेलं दाखव.
पोरगं उलट्या चपला घालून खाली आलं,
एक पुडी उचलली, टाकली,
आणि घमेल्याशेजारीच उभं राहिलं, मुकादमासारखं.

तळमजल्यावर गयाबाई सोनटक्के.
तीन वर्षं त्यांची मागची खिडकी बंद.
डास, एकदा धामण, आणि डोळ्यांना आता
उजेड आहे की नाही, एवढंच कळतं.
अर्ज पालिकेकडून म्हाडाकडे गेला,
म्हाडाकडून पालिकेकडे आला,
गवत मात्र कुणाला न विचारता वाढलं.

तिसऱ्या तासाला या ऋग्वेदचा हात बसला.
मी घमेलं ओतायला वळलो,
तेवढ्यात भिंतीलगतचं उंच, धारदार पात्यांचं बेट
याने सपासप आडवं केलं.
आणि वास सुटला.

आतून कडी वाजली. अडली. पुन्हा वाजली.
खिडकी उघडली, गंज खाली सांडला,
"कोण रे मेल्यांनो, माझा गवती चहा कापताय?"

ऋग्वेदचं तोंड विळ्याहून वाकडं.
"आजी, मला वाटलं गवत..."
"गवतच आहे ते. मुळं ठेवलीस का?"
"आहेत."
"मग रडतोस कशाला? आण ती पेंढी इकडे.
आणि किती जण आहात ते सांग, कप चारच आहेत."

चार कपांत आम्ही नऊ जण, पाळीपाळीने.
गयाबाई प्रत्येकाचा हात चाचपून कप देत होत्या,
तन्वीरच्या तळव्याला फोड लागला तिथे थांबल्या,
काही बोलल्या नाहीत.

सही करताना मी तीनच तास लिहिले.
तन्वीर म्हणाला, काका, चार झाले.
म्हटलं, चहाचा तास कॉलेजला कशाला द्यायचा?
तो तुझ्याकडे राहू दे.
त्याला ते पटलं नसावं. आज आलेला नाही.
येईलही. पोरं उशिरा उठतात.
ऋग्वेद आलाय, त्याची वही भरली आहे,
म्हणतो, घरी कंटाळा आला.

चला, ऊन भिंतीवरून उतरायच्या आत
त्या टाकीपर्यंत पोचू.
विळे सहा, माणसं अकरा, बदलून घ्या.
आणि काहीही कापायच्या आधी
एक पान चुरगाळा,
वास घेऊन बघा.