काळी दोन

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या गोदामात,
सोयाबीनच्या पोत्यांनी भिंती मुक्या करून
त्यांनी दुसरा अल्बम केला.
माझ्यावाचून.

पहिल्यात मी होतो. पहिल्यात गिटारच गिटार,
दम घ्यायच्या जागीही मी घुसलेलो.
मग चाकणला लागलो, तीन पाळ्यांत,
आणि ॲम्प्लिफायर विकून निघालो,
ईनोसला न सांगता.

रात्रीच्या गाडीनं उतरलो काल.
अझहरनं शटर अर्धंच उचललं, म्हणाला, वाक.
आत कपाशीच्या बियांचा गुलाबी औषधी वास,
दोन स्पीकर, एक पंखा,
तोही रेकॉर्डिंगच्या सवयीनं बंद.

आता ईनोस त्रिभुवन एकटा तीन माणसांचं वाजवतो.
उजव्या हातात माझी जागा,
डाव्यात चर्चच्या पायपेटीचा तो जुना जड घोळ.
आजोबा त्याचे मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर,
रविवारी पेटीवर,
भाते दाबून दाबून पोटऱ्या सायकलवाल्याच्या झालेल्या.
त्यांच्या वहीतले विलायती सूर त्याला लहानपणीच चिकटले.
एक ओळ निघाली की दुसरीनं लगेच धावायचं नाही, म्हणायचे,
चार मात्रा उंबऱ्यात थांबायचं,
मग तीच वाट धरायची, पण वरच्या अंगानं.
तिसरी निघते तोवर पहिली माघारी फिरलेली असते
आणि तिघी एकमेकींना
खांदा न लावता ओलांडतात.

मला ते कधी जमलं नाही.
मी वाटेत उभा राहायचो.

दुसरी बाजू सगळी एकच रचना, बावीस मिनिटांची.
बाजू म्हणायची आपली,
तबकडी कुठं, पेनड्राइव्ह आहे.
अझहर दिवसा मोसंबीच्या आडतीवर असतो,
सात मात्रा मोजून देतो आणि वर अर्धी टाकतो,
शेकड्यावर पाच फळं टाकावीत तशी, सहज.
सुगत खिल्लारेचा बास उशिरा येतो,
सळईच्या कारखान्यातून पाळी संपवून आल्यासारखा,
येतो आणि भुई देतो.

अकराव्या मिनिटाला मला कळलं,
काहीतरी टाळतायत हे.
चाल चढते, चढते,
आणि एका पायरीवर पाय न ठेवता
वरच्या पायरीवर जाते.
प्रत्येक वेळी.
मला वाटलं राग असेल, वर्ज्य स्वर असेल,
ईनोसच्या डोक्यात काय काय असतं.

मग आठवला बीडचा जिना.
कॉलेजचं गॅदरिंग, रात्रीचे दोन,
कीबोर्ड मी एकट्यानं उचललेला,
मला सगळंच एकट्यानं उचलायचं असायचं तेव्हा.
लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून हप्त्यानं घेतलेला.
सुटला हातातून.
बाकी सगळं वाजत होतं.
मधल्या सप्तकातली काळी दोन तेवढी गेली.

दीड वर्ष झालं त्याला.
दुरुस्तीचे पाचशे रुपये मी देणार होतो.

मी ईनोसकडं पाहिलं.
तो वायर गुंडाळत होता, कोपरावर, सावकाश.
अरे, दुसरा घ्यायचा ना, म्हणालो.
हात तिथं जायचाच बंद झाला, तो म्हणाला,
मग चालीच तशा सुचायला लागल्या.
राग नव्हता बोलण्यात. असता तर बरं झालं असतं.

एकोणिसाव्या मिनिटाला सगळे थांबतात.
ड्रम नाही, बास नाही,
पायपेटीचा घोळसुद्धा श्वास धरून.
आणि त्या शांततेत एकच आवाज येतो,
टक्.
प्लास्टिकवर बोट.
काळी दोन, दाबलेली,
तिला माईक इतका जवळ लावलेला
की नखसुद्धा ऐकू येतं.

मग तिघंही पुन्हा सुरू होतात.

ऐकायलास ना? अझहरनं विचारलं.
पुढं अजून तीन मिनिटं होती,
म्हणतात तीच सगळ्यात चांगली आहेत.
मी हो म्हणालो.
खिशात पाचशेची नोट होती,
तिची घडी करत बसलो,
बारीक, अजून बारीक.