ह्रस्व की दीर्घ

पाट्या रंगवणारा एकनाथ जोहरे एरंडोलहून आला
तेव्हा हंगाम सुरू व्हायला नऊ दिवस होते.
शिडी लावली, चुन्याची दोरी मारली,
'धरणगाव' लिहून झालं, 'कॉटन' लिहून झालं,
मग ब्रश कानावर खोचून त्यानं वरूनच विचारलं,
'दिवाणजी, जिन ह्रस्व का दीर्घ?'

एकवीस वर्षं मी इथे काट्यावर बसतो.
भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन,
मधल्या वजाबाकीचा कापूस.
पावतीवर रोज हा शब्द लिहितो,
कधी ह्रस्व, कधी दीर्घ, हात जाईल तसा.

बरकत तडवी म्हणाला, दीर्घच.
त्याचा बाप सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यांची जीनं शिवायचा,
आणि वेलांटी कशी, रिकिबीसारखी खाली लोंबली पाहिजे.
पारसमल शेठ म्हणाले, ह्रस्व.
देवळात तसंच कोरलंय. जिन म्हणजे ज्यानं जिंकलं तो.
काय जिंकलं, ते सांगायचं राहिलं;
जळगावहून भावाचा फोन आला, ते आत गेले.

रात्रपाळीच्या सुपडूला दोन न लागतात.
त्याचा जिन्न गाठींच्या थप्पीमागे राहतो,
पांढरा, अंगाला सरकीच्या तेलाचा वास.
शेठांचा मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता बोलला,
बियाण्याच्या पाकिटातला जीन वेगळा,
तो बोंडअळीला मारायचा.
आता मारत नाही.
'आणि बाटलीतली?'
'ती कोन लिहितं,' एकनाथ म्हणाला, 'ती नुसती मागतात.'

माझ्याकडे दहावीच्या बक्षिसातला इंग्रजी-मराठी कोश आहे.
दुसऱ्या दिवशी डब्यासोबत आणला.
जुना अर्थ: हुशारी.
मग हुशारीनं केलेली वस्तू.
मग फासा, सशासाठी, पाखरासाठी.
कापसाचं यंत्र पार शेवटी,
म्हणजे आजोबा ज्याला रेचा म्हणायचे ते.
हुशारी एकेक पायरी उतरत
इथवर आली, धरणगावला.

समोर वजाबाई कवडी वेचत होती,
डाव्या हातानं. उजव्याला दोनच बोटं,
बाकीची त्र्याण्णवच्या हंगामात रोलरनं नेली.
मी एकदा ती जुनी वही काढून पाहिली आहे.
त्या तारखेला एकशे बारा गाठी.
वजनात फरक नाही.

'काय लिखेल शे त्यामा?' तिनं विचारलं.
फासा म्हणवेना. हुशारी, म्हणालो.
ती हसली, खांद्यावरची रुई झटकत.
'हुशारच शे तो, भाऊ.
मन्ही जिनगी लिधी,
पावती बी नही दिधी.'

उजव्या बाजूला भोंग्याच्या तारेचा खिळा होता,
दीर्घ वेलांटी त्याच्यावर आदळत होती,
म्हणून एकनाथनं ह्रस्व काढली आणि मजुरी घेऊन गेला.
कोणी काही बोललं नाही.

दसऱ्यानंतर पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला.
पावतीवर जपर्यंत आलो आणि पेन थांबलं.
ज नुसता उभा,
आगापिछा नसलेला.
आत भोंगा झाला, वजाबाईनं पदर कमरेला घट्ट खोचला,
दोनदा खोचला,
आणि मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला.