काहील

मे सरता सरता बंधाऱ्याचे बरगे काढले
आणि वडाच्या डोहाचं पाणी चार हात उतरलं.
तरी मधोमध दोन पुरुष होतंच.
वर मळीचा वास,
खाली डोळ्यांपुढे धरलेला पंजा दिसेना.
तस्नीम मुजावर मास्कची काच पुसत म्हणाली,
"डोळे काठावरच ठेवायचे. खाली बोटं वाचतात."
मी नावेत. माझ्याकडे वही आणि दोरी.
एक झटका, थांब. दोन, ढील दे. तीन, वर घे.

आलो होतो जुन्या घाटाच्या पायऱ्या शोधायला.

नळाच्या पाइपांची चौकट तळाशी बसवली,
तिच्यात एकेक ओंजळ गाळ उकलत गेला.
सगळ्यात वर गेल्या भाद्रपदातला गणपती :
प्लास्टरचा कान, मुकुटाचं सोनेरी टवकं,
निर्माल्याची पिशवी, गाठ तशीच.
त्याखाली एकोणीसच्या पुराचं वीतभर पिवळं.
मला वाटलं, नदी दरसाल एक पान लिहिते.
तसं काही नव्हतं.
उन्हाळ्यात म्हशी इथंच धुतात,
त्यांच्या खुरांखाली परवाचं नाणं
पणजीच्या बांगडीच्याही खाली जातं.
खेकडा बिळातून खापर उकरून वर टाकतो.
पूर्वेचा कोपरा वाळूच्या बोटींनी उपसून नेला,
तो आता कुणाच्या तरी स्लॅबमध्ये आहे.
"लिही," तस्नीम म्हणाली,
"नाही तेही लिही. कुणी नेलं, तेही."

सातव्या दिवशी तिच्या बोटांना लोखंड लागलं.
कड धरून ती सरकत राहिली
आणि फिरून आपणच बांधलेल्या चिंधीपाशी आली.
साडेसात फूट आरपार. पालथी.
वर येऊन तोंडातली नळी काढत म्हणाली,
"पायरी नाही रे. गुऱ्हाळाची काहील."

पांडबा अंबी आमची नाव चालवायचा, दिवसाला बाराशे.
दिवसभर बोलायचा, केंदाळावर, कारखान्यावर, जावयावर.
काहील म्हटल्यावर वल्हं आडवं टाकून बसला.

पुरात काहिलीतून माणसं नेतात, हे मलाही ठाऊक.
उलटली असेल. वहीत तसंच लिहिलं : अपघात.
दुसऱ्या दिवशी तस्नीमनं ते खोडायला लावलं.
बुडाला तीन भोकं. दगडानं फाटतं तर
पत्रा आत वळला असता.
हे कंगोरे बाहेर वळलेले.
कुणीतरी आत उभं राहून घाव घातले होते.
आणि खाली, वारा न लागलेल्या काळ्या चिखलात,
वेताची परडी, वीण न उसवलेली,
पाच सुपाऱ्या, खणाचा चार बोटं काठ.
बुडालेल्या काहिलीची कुणी ओटी भरत नाही.
बुडवायच्या भरतात.

संध्याकाळी पांडबानं आपणहून तोंड उघडलं.
"माझा बा पाळण्यात हुता तवा.
पुरातनं अकरा जण घिऊन आज्जा निघाला.
पलीकडं सात उतरली."
मग बराच वेळ पाणीच बोललं.
"गुऱ्हाळाचा हंगाम आला.
हिच्यात रस कसा उकळायचा, सांगा तुमी?
त्यो गूळ कुणाच्या पोराच्या हातावर ठिवायचा?"

वर काढायचं नाही, असं ठरलं.
हवेत आली की लोखंडाचे पापुद्रे सुटतील,
परडी तर उन्हात दोन दिवस टिकायची नाही.
मापं घेतली. परडी होती तिथंच ठेवली.
वर गोणपाट, गोणपाटावर तिचाच गाळ.
तस्नीम शेवटची वर आली तेव्हा
तिच्या नखांत काळं होतं, ते तिनं धुतलं नाही.

नाव काठाला लावताना पांडबानं विचारलं,
"भोकं मोजली?"
मोजली, म्हटलं. सव्वा इंच. तिन्ही सारखी.
त्यानं मान हलवली, खुंट्याला दोर गुंडाळला.
"व्हय. तेवढीच हाय.
छिन्नी अजून घरात हाय आमच्या.
मागचं दार वाऱ्यानं उघडतंय,
तिथं पाचर म्हणून ठोकलीया."