कळी असताना

पवित्रा लिंबूच्या नवऱ्याची बदली सुरतगढला झाली
तेव्हा ट्रकमध्ये सगळं मावलं,
कपाट, सायकल, मोमो उकडायचं भांडं.
फक्त ही कुंडी राहिली.
"तिकडे वाळू आहे, दीदी. इथे निदान थंडी तरी पडते."
कालिंपोंगहून मांडीवर धरून आणलेली कॅमेलिया
लॅम रोडवरच्या माझ्या दारात ठेवून ती गेली.

झाड कसलं, सात काड्या.
पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या,
ताप उतरल्यावरही तोंडावर रंग परतू नये तशी.

प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी
उजेडासमोर कागद धरून खोट शोधली.
पानही तसंच धरलं.
खोट पानात नव्हती, पाण्यात होती.
आमच्या बोअरचं पाणी,
बादलीला पांढरी कड आणणारं, नळाला खवले.
तगर पिते, गुलाब कुरकुरत पितो,
हिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

म्हणून मे महिन्यात
टिळेकरांच्या एसीच्या नळीखाली डबा लावला.
रात्रभर टप, टप.
टिळेकर म्हणाले, "मावशी, हवेतलं पाणी चोरता?"
म्हटलं, हो.

नर्सरीवाला म्हणाला, "नाशकात हे व्हायचं नाही. द्राक्ष लावा."

हिराबाई भोये पेठच्या एसटीतून
तांबडी माती घेऊन आली, तांदळाच्या पिशवीत,
वर पन्नास रुपये घ्यायला तयार नाही.
कॅम्पातल्या सुरूंखालच्या सुया मी स्वतः वेचल्या.
शिपायाने विचारलं, काय हरवलं?

कुंडी उलटी केली तर
मुळं आतल्या आत गोल गोल फिरून
कुंडीच्याच आकाराची झालेली.
विणायच्या सुईने एकेक सोडवलं,
दुपारचे दोन वाजले, जेवण राहिलं.
काही तुटली. तुटतातच.
मग रोजचा चोथा, साखर-दूध धुऊन काढलेला.
चहा म्हणे हिची चुलतबहीण.
सकाळी मी एकीला पिते
आणि दुसरीच्या पायाशी नेऊन ओतते.

पावसाळा गेला. काही नाही.
घटस्थापनेच्या सुमारास एक पान आलं,
तांब्याच्या रंगाचं, चकचकीत,
नवी नोट दिसावी तसं.
मी ते मोडेल म्हणून पुसलंही नाही.

निफाडचा पारा पेपरात छापून यायला लागला
आणि दोन कळ्या दिसल्या, हरभऱ्याएवढ्या.
फोटो नीट यावा म्हणून कुंडी उन्हाकडे सरकवली,
फक्त चार फरश्या.
तिसऱ्या दिवशी एक कळी खाली,
बंदच, देठापासून अख्खी.

पवित्राला फोन केला.
ती रागावली नाही.
"कळी धरल्यावर जागा बदलायची नसते, दीदी.
तिला कळतं."
मग बराच वेळ काही बोलली नाही.
तिच्या मागे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता,
खर्रर्र, थांबून पुन्हा खर्रर्र.
"पुढच्या आठवड्यात निघतोय.
पोरगी सहावीत आहे. ही पाचवी शाळा."

आता कुंडीभोवती मी गोल काढलाय,
फरशी पुसणारीने हलवू नये म्हणून.
खडूने नाही, गेरूने,
चुना हिला चालत नाही.

उरलेली कळी अजून आहे.
फूल कोणत्या रंगाचं,
ते विचारायचं राहूनच गेलं.